आईला पहिल्यांदाच पंचतारांकित डे स्पामध्ये मसाजला न्यायचंय : काय घ्यावं, काय टाळावं?

पारिजात :

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईची एकसष्टी आहे. आम्हा भावंडांचं ठरलंय की तिला मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या डे स्पामध्ये न्यायचं. सोबत मी असेन. मुक्काम नाही, ठाण्याहून सकाळी निघून दुपारी परत.

आईबद्दल थोडक्यात : मधुमेह १२ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, दाब आटोक्यात. जिना चढताना गुडघे दुखतात. तळपायांना अधूनमधून मुंग्या येतात. मालिश म्हणजे दिवाळीचं अभ्यंग आणि बाळंतपणातली शेक-शेगडी, एवढीच तिची ओळख. अनोळखी बाईसमोर कपडे काढायचे या कल्पनेनेच "मला नको बाई ते" म्हणते.

स्पाच्या यादीत स्वीडिश, डीप टिश्यू, बालिनीज, थाई, हॉट स्टोन, अभ्यंग, शिरोधारा असं सगळं आहे. फोनवरच्या मुलीने सॉना, हॉट स्टोन आणि शिरोधारा असं दोन तासांचं पॅकेज सुचवलं. घ्यावं का? दुसरं काय घ्यावं? आणि तिचा संकोच कसा घालवायचा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

चंदनखोड :

पारिजातताई, ते पॅकेज आधी बाजूला ठेवा. बारा वर्षांचा मधुमेह, तळपायाला मुंग्या आणि पहिलीच खेप, अशा बाईंना सॉना, गरम दगड आणि शिरोधारा एका बैठकीत देऊच नये. कारणं खाली कुणी डॉक्टर मंडळी सांगतीलच. स्पा थेरपिस्टना शिकवणं हे माझं काम, त्या बाजूने लिहितो.

आईंसाठी ६० मिनिटांचा स्वीडिश घ्या, किंवा 'अरोमा' नावाने मिळणारा हलक्या ते मध्यम हाताचा तेल-मसाज. लांब सरकता हात, मग मळणं, बोटांनी गोल घासणं, हलक्या थापट्या आणि शेवटी कंप, असा तो चालतो. पहिल्या पाच मिनिटांत नुसता लांब हात फिरतो. त्यात थेरपिस्टला स्नायू कुठे ताठर आहेत ते कळतं आणि अंगाला स्पर्शाची सवय होते. ही पाच मिनिटं गाळून जो थेट अंगठा रुतवतो, त्याच्या हाताखाली अंग आणखी आखडतं.

९० मिनिटं तुम्ही स्वतः घेतलीत तर हरकत नाही, आईंना नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पालथं पडून राहणं वीसेक मिनिटांच्या पुढे जड जातं. ९० मिनिटांत बहुधा पाठीचाच वेळ वाढतो.

डीप टिश्यू म्हणजे जोरात केलेला स्वीडिश असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. त्यात कोपर किंवा हाताची मूठ वापरून, तेल कमी घेऊन, अगदी सावकाश खालच्या थरापर्यंत जायचं असतं. दुसऱ्या दिवशी २४ ते ४८ तास अंग ठणकू शकतं. आईंना नकोच, आणि तुम्हीही आधी कधी मसाज घेतला नसेल तर वाढदिवसाच्या दिवशी तो प्रयोग नको. बालिनीज बहुतेक ठिकाणी मध्यमहून जरा जोरातच असतो.

थाईबद्दल मुद्दाम सांगतो. त्यात तेल नसतं आणि सैल कपडे अंगावरच राहतात, त्यामुळे संकोच वाटणाऱ्या आईला तेच बरं, असं वाटू शकतं. पण तो जमिनीवरच्या गादीवर होतो, त्यात पाय वाकवून, पिळून ताण देतात आणि थेरपिस्ट स्वतःचा भार टाकतो. विद्या मोठी आहे, २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली आहे. तरी दुखऱ्या गुडघ्यांना ती नव्हे. कपडे काढायचेच नसतील तर खुर्चीवरचा पाय-मान-डोकं मसाज मागा. ३० ते ४५ मिनिटांचा असतो, पोटऱ्यांपर्यंत कपडा वर घेतला की झालं.

आता संकोच. आत गेल्यावर नेमकं काय होतं ते आईंना घरीच सांगा, अर्धी भीती तिथेच जाते. आधी बाथरोब, सपाता आणि कागदी कापडाची एकदा वापरायची चड्डी मिळते. स्वतःची घातलेली चालते, फक्त तेलाचे डाग पडतील अशी जुनी न्या. थेरपिस्ट खोली दाखवून बाहेर जाते. आईंनी रोब काढून बेडवर पालथं पडायचं आणि चादर मानेपर्यंत ओढून घ्यायची. ती दार वाजवून, विचारून मगच आत येते. त्यानंतर पूर्ण वेळ अंग चादरीखाली असतं. डाव्या पायाचं काम चालू असेल तर तेवढाच पाय उघडा, चादरीची कड मांडीखाली घट्ट खोचलेली. तो झाला की झाकायचा, मग उजवा. कुशी बदलताना ती चादर दोन्ही हातांनी उचलून मधे पडद्यासारखी धरते आणि मान दुसरीकडे करते. पोट, छाती आणि नितंब यांवर हात नको असेल तर नको म्हणायचं. त्याचं कारण कुणी विचारत नाही.

बाईंसाठी बाईच थेरपिस्ट हवी हे बुकिंग करतानाच नोंदवून घ्या. आणि 'कपल रूम' मागा. नाव काहीही असो, दोन बेडची खोली ती. मायलेकी शेजारी-शेजारी असलात की आईंचा जीव भांड्यात पडेल. अशा खोल्या प्रत्येक ठिकाणी एक-दोनच असतात, ऐनवेळी मिळत नाहीत.

---

सांधेजोड :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चंदनखोड यांच्याशी सहमत. वैद्यकीय बाजू जरा नीट मांडते, कारण इथे चूक झाली तर थेट भाजण्यापर्यंत जाते.

तळपायाच्या मुंग्या हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. बरीच वर्षं मधुमेह असला की पायांच्या बारीक नसा मंदावतात आणि उष्णता कळेनाशी होते. हॉट स्टोनसाठी बेसॉल्टचे गुळगुळीत दगड साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तापवतात. बेसॉल्ट उष्णता लवकर सोडत नाही. निरोगी माणूस "चटका बसतोय" म्हणून पाय ओढून घेतो. ज्याला चटका जाणवतच नाही तो पडून राहतो आणि फोड रात्री मोजे काढताना दिसतो. म्हणून हॉट स्टोन नाही, गरम पाण्याचं फूट-टब नाही, बेडवरची इलेक्ट्रिक गादीही पायाकडे बंद ठेवायला सांगा.

जाण्याच्या आधी घरी एवढं बघा. आईंना डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा, करंगळी आणि टाच इथे कापसाच्या बोळ्याने हलकं टेकवा आणि कुठे कळतंय ते विचारा. मग एक चमचा कोमट पाण्यात, एक गार पाण्यात बुडवून आलटून पालटून टेकवा. कोमट म्हणजे स्वतःच्या मनगटाला सोसेल इतकंच. फरक कळत नसेल तर स्पा राहू दे, आधी डॉक्टरांकडून पायांची नीट तपासणी करून घ्या. दवाखान्यात १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने ती पाच मिनिटांत होते. बोटांच्या बेचक्या आणि टाचेच्या भेगाही बघा. जखम, चिखल्या, छाले काही असेल तर त्या पायाला मसाज नाही.

ग्लिमेपिराइडने साखर खाली येऊ शकते. मसाज रिकाम्या पोटी घ्यायचा असतो असं ऐकून लोक नाश्ता टाळतात आणि गोळी मात्र घेतात. हे आईंच्या बाबतीत मुळीच करू नका. रोजच्या वेळी नाश्ता, रोजच्या वेळी गोळी आणि त्यानंतर दीड ते अडीच तासांनी मसाज. अंधाऱ्या, सुगंधी खोलीत साखर उतरताना येणारा घाम, थरथर आणि गुंगी 'छान सैल वाटतंय' म्हणून खपून जाते. जवळ ग्लुकोजची पुडी ठेवा. १५ ग्रॅम, म्हणजे साधारण ३ छोटे चमचे, पाण्यातून द्यायचं आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजायची.

इन्सुलिन घेणारे कुणी वाचत असतील तर : जिथे सुई टोचली तो भाग चोळला किंवा शेकला की इन्सुलिन लवकर शोषलं जातं. पोटावर किंवा मांडीवर टोचलं असेल तर त्या जागी हात नाही, आणि सॉनाही नाही. दंडावर साखर मोजायचा सेन्सर असेल तर थेरपिस्टला दाखवून ठेवा. तेलाने त्याची चिकटपट्टी सुटते.

रक्तदाबाच्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात. वरून उष्णता मिळाली आणि माणूस तासभर आडवा राहिला की उठताना दाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सॉनाची कोरडी हवा ७० ते ९० अंशांची, स्टीम रूम ४० ते ४५ अंशांची पण दमटपणा शंभर टक्क्यांच्या घरात, तिथे घाम सुकतच नाही. आईंना दोन्ही नको. तुम्ही निरोगी असाल तर स्टीम ८ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. मसाज संपल्यावर आईंनी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. त्या दिवशी सकाळी दाब १८०/११० च्या आसपास असेल तर जाणं रद्द करून डॉक्टरांना फोन.

ॲम्लोडिपिनने दोन्ही घोटे थोडे सुजलेले असू शकतात, ते वेगळं. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते असं असेल तर मसाज अजिबात नाही, त्याच दिवशी डॉक्टर. शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताप, नायटा, हाडांचा ठिसूळपणा, गर्भारपण, हे सगळं स्पामध्ये भरून घेतात त्या फॉर्मवर खरं लिहा. पुढच्या झंझटी नकोत म्हणून लोक सरसकट 'नाही'वर खुणा करतात आणि थेरपिस्टचे डोळे बांधून टाकतात.

गुडघ्यांना मसाजचा उपयोग होतो. २०१२ साली अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेच्या १२५ रुग्णांवर अभ्यास झाला होता. त्यात आठवड्यातून एकदा ६० मिनिटं स्वीडिश मसाज, असा ८ आठवड्यांचा क्रम सर्वांत सोयीचा ठरला. म्हणजे एका खेपेने दोन दिवस बरं वाटेल, गुडघा सुधारणार नाही. भर मांडीच्या पुढच्या स्नायूवर द्यायला सांगा. वाटीवर दाब नको, आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीत तर अंगठा नकोच, तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते.

मान कडकन मोडू देऊ नका. स्पामध्ये नाही, सलूनमध्ये नाही, घरीही नाही. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडू शकते. मसाजनंतर केस धुवायला बेसिनवर मान मागे टाकावी लागते, तिथेही मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगा.

राहिलं 'मसाजने विषद्रव्यं बाहेर पडतात' असं नेहमी सांगितलं जातं ते. मसाजने विषद्रव्यं निघत नाहीत, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. नंतर पाणी प्यायचं ते घाम गेला म्हणून आणि तासभर प्यायला नव्हतं म्हणून. दोन ग्लास पुरे.

---

रसशाळा :

आयुर्वेदाच्या अंगाने भर घालतो. स्पाच्या यादीतला अभ्यंग आणि आईंच्या डोक्यातलं दिवाळीचं अभ्यंग यांत अंतर आहे. केरळ पद्धतीत तो लाकडी द्रोणीवर (तेल-मसाजाच्या टणक लाकडी बेडवर) होतो, दोन्ही बाजूंना दोन थेरपिस्ट एकाच लयीत हात चालवतात आणि अंगाला १०० मिलीच्या आसपास तेल लागतं. स्वीडिशला ३०-४० मिली पुरतं. द्रोणी टणक असते आणि तेलाने निसरडी होते. चढा-उतरायला पायरी लागते, चेहऱ्यासाठी भोक नसतं, मान एका कुशीवर ठेवावी लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना तिच्यावरून उतरणं हीच परीक्षा. त्यामुळे अभ्यंगच हवा असेल तर 'गादीच्या बेडवर, एकाच थेरपिस्टकडून, साध्या तिळाच्या तेलाने' असं स्पष्ट मागा. बऱ्याच ठिकाणी करतात. महानारायण तेल गुणाचं आहे, पण वास उग्र आणि डाग पक्का. वाढदिवसाला साधं तेलच बरं.

तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करतात. थेट आचेवर तापवलेलं तेल वरून कोमट लागतं, तळाशी चटका देतं.

क्रमातला फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे आधी स्नेहन मग स्वेदन, म्हणजे आधी तेल आणि नंतर वाफ. युरोपी पद्धतीच्या स्पामध्ये आधी वाफ, मग मसाज. एकाच हॉटेलात दोन्ही मिळत असल्यामुळे लोक आधी सॉनात बसतात, मग अभ्यंगानंतर पुन्हा पेटीत वाफ घेतात आणि दुपारी डोकं धरून बसतात. दोनांतलं एकच.

अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करायला सांगितलाय आणि त्यातही डोकं, कान, पाय यांवर विशेष भर आहे. पण तिथेच कफाचा त्रास, अजीर्ण आणि नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शुद्धी) झालेल्यांना तो वर्ज्यही सांगितलाय. आईंना त्या दिवशी सर्दी दाटली असेल, पोट जड असेल तर तारीख पुढे ढकला. नाक चोंदलेलं असताना बेडच्या टोकाला चेहऱ्यासाठी असलेल्या गोल कडीत डोकं घालून पालथं पडणं कुणालाच सोसत नाही.

शिरोधारा या खेपेला नको. कपाळापासून चार अंगुळांवरून ३० ते ४० मिनिटं धार चालते, दीड-दोन लिटर तेल लागतं, केस मुळापर्यंत भिजतात. त्यानंतर निवांत पडून राहायला हवं. ओल्या केसांनी गाडीच्या एसीत बसून ठाण्याला यायचं तर डोकं धरणारच. कधी घेतलीच तर धारेचं तेल त्याच दिवशी नव्याने काढलंय ना, हे विचारायला लाजू नका. दुसऱ्याच्या डोक्यावरून गेलेलं तेल गाळून पुन्हा वापरणं चुकीचंच.

त्याऐवजी काशाच्या वाटीने तळपाय घासून देतात का विचारा. बऱ्याच मोठ्या स्पांमध्ये आता 'पादाभ्यंग' म्हणून मिळतो. दोन्ही पायांना मिळून २० ते ३० मिनिटं, गाईचं तूप किंवा तेल. आईंना हे ओळखीचं वाटेल आणि त्यात शेक नाही. कातडी शाबूत हवी आणि हात हलका हवा, एवढ्याच अटी. तळवे काळे झाले की 'उष्णता निघाली' असं सांगतात, त्यावर जाऊ नका. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपातल्या आम्लाशी घासून धातूचा काळपट मळ सुटतो. पितळी भांडं चिंचेने घासलं की कसा मळ निघतो, तसाच तो.

---

हिशेबाची वही :

पैशाचं मी लिहितो.

यादीतल्या दरापुढे बारीक अक्षरात 'कर वेगळा' असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून, जिम, योग, शारीरिक निगा या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. ६,००० च्या मसाजवर १,०८० ऐवजी ३०० रुपये. छापील मेनू जुना असेल आणि फोनवर जुनाच हिशेब सांगितला तर विचारा.

'६० मिनिटं' यात नुसता मसाज किती? काही ठिकाणी कपडे बदलणं, पाय धुणं, शेवटचा चहा हे सगळं धरून ६० असतात आणि हात ५० मिनिटंच फिरतो. उशिरा पोचलात तर तुमच्यानंतरच्या गिऱ्हाइकासाठी तुमचाच वेळ कापला जातो, पैसे पूर्णच.

बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप धरला असेल तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची हॉटेल-रेस्टॉरंटांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ ची आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. टिप ऐच्छिक. मनासारखं झालं असेल तर पाच-दहा टक्के, शक्यतो थेट थेरपिस्टच्या हातात. बिलातून दिलेली टिप तिच्यापर्यंत किती पोचते ते आपल्याला दिसत नाही.

व्हाउचर घेणार असाल तर मुदत, शनिवार-रविवारी चालतं का, आणि रद्द करायचं झाल्यास किती तास आधी, हे तीन लेखी घ्या. वर सर्दी-तापाचं लिहिलंय, त्यामुळे तारीख बदलायची मुभा तुम्हाला लागणारच आहे असं धरून चाला.

---

पारिजात :

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेज रद्द. आईला स्वीडिश ६० मिनिटं आणि जमलं तर काशाची वाटी. आणखी दोन शंका. ती मंगळसूत्र आणि हातातल्या काचेच्या बांगड्या काढत नाही, त्याचं काय? आणि स्पाला फोन करून नेमकं काय काय सांगून ठेवू? साडेअकराची वेळ मिळतेय.

---

चंदनखोड :

मंगळसूत्र काढायची सक्ती नाही. पालथं पडल्यावर मणी हाडावर रुततात, म्हणून पदक मागे पाठीवर न टाकता बाजूला, खांद्यावर घ्यायला सांगा. मानेचं काम करताना थेरपिस्ट ते एका हाताने सावरून धरते. धाग्यात ओवलेलं असेल तर तेलाने धागा कुजतो, तेव्हा त्या दिवशी मनगटाला दोनदा गुंडाळून ठेवलं तरी चालेल. काचेच्या बांगड्या मात्र खरा धोका. हात मळताना एखादी पिचकली तर दोघींनाही लागतं. काढायच्या नसतील तर हातांना कोपराच्या वरच मसाज द्या म्हणायचं आणि बांगड्यांवर मऊ नॅपकिन गुंडाळायचा. जोडव्यांची अडचण नाही. बाकी सोनं घरीच ठेवा. साडीऐवजी पुढे बटणं असलेला सैल कुर्ता, कारण तेलकट अंगाने निऱ्या घालणं कटकटीचं आहे. दोघींनीही आदल्या दिवशी वॅक्सिंग नको, ताज्या कातडीला तेल आणि सुगंधी अर्क झोंबतात.

फोनवर एवढं सांगा : साठ वर्षांच्या बाई, पहिल्यांदाच, मधुमेह आणि रक्तदाब, पायाला उष्णता द्यायची नाही. दोन बेडची खोली, दोघींना बाई थेरपिस्ट. बेड खाली-वर होणारा आहे का? नसेल तर पायरी ठेवा. लॉकर रूमपासून खोलीपर्यंत जिना आहे का? शौचालयात धरायला दांडी आहे का? हे विचारताना पलीकडचा माणूस "बघतो, सांगतो" म्हणाला आणि परत फोन आला नाही, तर दुसरं ठिकाण बघा. जिथे फोनवर एवढं टिपून घेतात तिथलं आतलंही काम सहसा चोख असतं.

त्या दिवशीचं वेळापत्रक असं : नऊ वाजता गोळ्या आणि नेहमीचा नाश्ता. अकराला स्पाच्या दारात. १० मिनिटं फॉर्म आणि बोलणं, १० मिनिटं कपडे बदलणं, तेवढ्यात लघवीला जाऊन यायचं (अर्ध्यावर उठायला लागू नये). साडेअकराला बेडवर. तुम्हाला स्टीम घ्यायची असेल तर पावणेअकरालाच पोचा आणि बाहेर आल्यावर कोमट शॉवर घेऊन पाच मिनिटं नुसत्या बसा. साडेबाराला उठणं, पाणी, पंधरा मिनिटं बसणं. आईंचं जेवण एकच्या पुढे जाऊ देऊ नका.

बेडवर पडल्यावर उशा बघा. पालथं असताना घोट्यांखाली गोल उशी हवीच, आणि गुडघा बेडवर टेकून दुखत असेल तर वाटीच्या वर, मांडीखाली घडी केलेला टॉवेल. चेहऱ्याची कडी पाठीच्या रेषेत हवी. ती खाली लोंबत असेल तर मानेला रग लागते आणि दोष मसाजला मिळतो. उताणं झाल्यावर उशी गुडघ्यांखाली. पालथं जमतच नसेल तर कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी घेऊन, पाठ उत्तम होते. आधी सांगितलं की झालं.

बऱ्याच थेरपिस्ट मिझोराम, मणिपूर, नागालँडकडच्या असतात, मराठी येईलच असं नाही. आईंना दोनच गोष्टी सांगून ठेवा : "हलके से" म्हणायचं, आणि शब्द सुचला नाही तर हात वर करायचा. दाबाबद्दल पहिल्या तीन मिनिटांत विचारलं जायला हवं. विचारलं नाही तर तुम्ही शेजारच्या बेडवरून विचारा. सोसण्याची सवय असलेल्या बायका दुखलं तरी "ठीक आहे" म्हणतात. त्यामुळे थेरपिस्टने आईंच्या शब्दांवर न जाता श्वासाकडे आणि पायाच्या बोटांकडे बघावं, दुखलं की बोटं आकसतात. मणक्याच्या हाडांवर थेट अंगठा चालला, तर तिथेच थांबवा. हात कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर चालतो, हाडावर नाही.

---

गंधार :

सुगंधी तेलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. 'अरोमा' मसाजला मूळ तेलात अर्क साधारण २ टक्के घालतात, म्हणजे ३० मिलीत १२ थेंब. वयस्कर किंवा नाजूक कातडीला १ टक्का, ६ थेंब. हे प्रमाण बोलून मागता येतं. मूळ तेल बदामाचं की तिळाचं तेही विचारा, दोन्हींची ॲलर्जी असणारे लोक आहेत. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून आधी बघता येतं, रिसेप्शनवर नमुना देतात. लिंबू, बर्गमॉट असे सालीपासून काढलेले अर्क अंगावर असताना उन्हात गेलं तर कातडीवर काळे डाग पडू शकतात. तुम्ही भर दुपारी बाहेर पडणार, तेव्हा लव्हेंडर घ्या.

---

रसशाळा :

निघतानाचं राहिलं. तेलकट तळव्यांनी फरशीवर पाऊल टाकू नका. बेडवर बसूनच तळवे टॉवेलने कोरडे करून घ्या, मग सपाता. स्पामधली पडझड बहुतेक वेळा या चार पावलांत होते. अंगावरचं तेल काढायला उटणं किंवा मुगाचं पीठ मागा, कोरडंच चोळायचं आणि मग कोमट पाणी. डोक्याला तेल लावलं असेल तर शाम्पू आधी तेलकट केसांवर, पाणी न लावता चोळायचा आणि नंतर धुवायचं. आधी पाणी घातलंत तर तीनदा धुऊनही चिकटपणा राहतो.

घरी आल्यावर तेल पुसलेले पंचे आणि जुने कपडे गरम पाण्यात, जास्त साबणात वेगळे धुवा आणि उन्हात वाळवा. ड्रायरमध्ये टाकून ढीग करून ठेवू नका. वनस्पती तेल कपड्यात राहिलं तर गरम ढिगात आतल्या आत तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. लाँड्रीत अशा आगी लागलेल्या आहेत.